पुनर्विकासात माणसांना भाडं मिळतं, कुत्र्यांचं काय?

अबोली

आमची म्हाडाची वसाहत पूर्व उपनगरात आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण पोलिसांत आहे. चार मजली जुन्या इमारती, मध्ये मोकळी जागा, तिथे गणपतीचा मांडव पडायचा. आता ओळीने सगळ्या पुनर्विकासात निघाल्यात. शेजारच्या दोन पाडून झाल्या, तिसरी रिकामी आहे, पुढचा नंबर आमचा. बिल्डरने लोकांना भाडं दिलं, टेम्पोचे पैसे दिले. कोणी ठाण्याला गेलं, कोणी डोंबिवलीला, कोणी गावालाच जाऊन बसलं. करारनाम्याचं बाड चांगलं जाडजूड होतं. देवळातल्या मूर्तीची तात्पुरती सोय कुठे करायची तेही त्यात होतं. कुत्र्यांबद्दल एक ओळ नव्हती, आणि असायला हवी होती हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

इमारत रिकामी झाली की कुत्र्यांचं काय होतं ते मी आमच्या गॅलरीतून बघतेय. आधी खाणं बंद होतं. घरोघरचं उरलंसुरलं, मच्छीवाली बसायची तिथलं, कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीचं, सगळं महिन्याभरात संपतं. मग साइटभोवती पत्रे लागतात. जी आत राहिली ती आत, बाहेरची बाहेर. एक मादी आतल्या जिन्याखाली व्यायली होती. जेसीबी आला तेव्हा पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. साइटवरच्या एका मजुराने ती घमेल्यात घालून गेटपाशी आणून ठेवली, आणि आई पत्र्याखालची माती उकरून बाहेर आली. बाहेर आलेली कुत्री शेजारच्या ओळीत शिरतात, तिथली त्यांना टिकू देत नाहीत, रात्रभर भांडणं. मग ज्यांना इतकी वर्षं काही त्रास नव्हता तेच लोक "ह्यांचा बंदोबस्त करा" म्हणायला लागतात.

आता घडलं ते. भुरी नावाची एक मादी आहे, वय झालेली, कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. साइटच्या गेटवर झोपायची. तिथल्या वॉचमनने तिला लोखंडी सळईने मारलं. ती मागचे दोन्ही पाय ओढत आमच्या जिन्यापर्यंत आली. एक्स-रे काढला, कमरेचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, सहा आठवडे पिंजऱ्यात हलू न देता ठेवा. सध्या ती आमच्या पॅसेजमध्ये आहे आणि शेजाऱ्यांची तोंडं वाकडी आहेत.

पोलिसांत गेले. ड्यूटीवरचे साहेब वाईट नव्हते, चहासुद्धा विचारला. पण लिहून घेतली ती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. "मॅडम, कायद्यात दंडच पन्नास रुपये आहे, त्यासाठी कुठे कोर्टाच्या फेऱ्या मारता?" घरी येऊन बघितलं तर खरंच. प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आज त्यात दोन वडापाव येतात.

मला त्या वॉचमनला आत टाकायचं नाही. बारा तासांची ड्यूटी, पत्र्याच्या खोलीत राहतो, सुपरवायझरने सांगितलं "कुत्री हटव", त्याने त्याला जमलं तसं हटवलं. माझा प्रश्न पुढचा आहे. ह्या वसाहतीत अजून कित्येक इमारती रिकाम्या व्हायच्यात, म्हणजे हेच दर वेळी होणार. एफआयआर व्हायला काय करावं लागतं? आणि इमारत रिकामी करायच्या आधी कुत्र्यांसाठी नेमकं काय करून ठेवायचं? कोणी केलंय का? भूतदयेवर व्याख्यान नको, केलेल्या कामाबद्दल लिहा.

खडूस_काका

मुंबईत माणसांच्या हालाला कुत्रं विचारत नाही आणि इथे कुत्र्यांच्या हालावर धागा. आमचा पुनर्विकास रखडलाय, बिल्डर भाडं थकवून पळालाय. त्यावर काढा की एखादा धागा.

निंबोणी

काका, तुम्हीच काढा, आम्ही प्रतिसाद देतो. एका वेळी एकाच गोष्टीचं वाईट वाटायला हवं असा काही नियम आहे का?

अबोली, आमच्या बोरिवलीत मांजरांचं असंच झालं. लोक टॉवरमध्ये गेले, पाळलेली मांजरं मागे. भटकी नव्हेत, पाळलेली.

नोटरी_नव्हे

एनसी आणि एफआयआर ह्यात घोळ कुठे होतो ते सांगतो. वकिलीचा सल्ला समजू नका, पण पोलीस ठाण्यात जाताना उपयोगी पडेल.

१९६० च्या कायद्याचं कलम ११ म्हणजे मोठी यादी आहे. मारणं, लाथ घालणं, उपाशी ठेवणं, आखूड साखळीने बांधून ठेवणं, सगळं त्यात येतं. पण त्यातले थोडेच प्रकार दखलपात्र आहेत. साधी मारहाण अदखलपात्र, म्हणून एनसी. आणि अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणजे साहेबांनी केलं ते त्या कलमापुरतं चूक नव्हतं. त्याच कलमात प्राण्याचा अवयव निकामी करणं किंवा क्रूरपणे ठार मारणं हा वेगळा खंड आहे, आणि तो दखलपात्र आहे.

आता खरं उपयोगाचं कलम. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिचं कलम ३२५. प्राण्याला मारणं, विष घालणं, अपंग किंवा निरुपयोगी करणं, ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आहे. जुन्या दंडसंहितेत ४२८ आणि ४२९ अशी दोन कलमं होती आणि त्यांत जनावराची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये असा हिशेब होता. नव्यात किंमत गेली, कुठलाही प्राणी चालतो.

अडचण एकच. हे कलम "आगळीक" ह्या प्रकरणात बसतं, म्हणजे मालमत्तेचं नुकसान. काही अधिकारी विचारतात, भटक्या कुत्र्याचा मालक कोण? तरी भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत गुन्हे नोंदले जातात. त्यामुळे अर्जात "कुत्र्याला मारलं" एवढंच लिहू नका. "लोखंडी सळईने मारून कायमचं अपंग केलं" असं लिहा आणि डॉक्टरांचा दाखला जोडा. दाखल्यात नुसतं "हाड मोडलं" नको, कसल्या माराने मोडलं आणि चालणं परत येण्याची शक्यता किती हे हवं. ठाण्यात घेतलं नाही तर तोच अर्ज पोलीस उपायुक्तांना लेखी पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) मध्ये तशी सोय आहे. अर्ज हाताने देत असाल तर पोच घ्या, शिक्क्यासकट.

पन्नास रुपयांचं म्हणाल तर, रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी पन्नासच्या दशकात राज्यसभेत खाजगी विधेयक आणलं तेव्हापासूनची ही गोष्ट. नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करू असं आश्वासन दिलं, त्यांनी विधेयक मागे घेतलं, आणि १९६० मध्ये कायदा झाला. तेव्हा पन्नास रुपये ही रक्कम होती. दंड आणि शिक्षा वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा २०२२ मध्ये हरकती-सूचनांसाठी आला होता. तो मसुदाच राहिलाय.

खडूस_काका

म्हणजे उद्या रात्रीच्या अंधारात माझ्या स्कूटरखाली कुत्रं आलं तर मला पाच वर्षं?

नोटरी_नव्हे

नाही. आगळीक म्हणजे हेतू किंवा जाणीव लागते. असं एक प्रकरण मुंबईतच झालंय. २०२० मध्ये मरीन ड्राइव्हवर खाणं पोचवायला निघालेल्या एका विद्यार्थ्याच्या बाइकखाली कुत्रा आला. पोलिसांनी माणसांच्या जिवाला धोका पोचवण्याची कलमं लावली. उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. कुत्रा कितीही लाडका असला तरी तो माणूस नव्हे, ही कलमं माणसांसाठी आहेत, असं म्हटलं आणि त्या मुलाला वीस हजार रुपये द्यायला सरकारला सांगितलं. चुकीचं कलम लावलं की खरं प्रकरणही पडतं, म्हणून मी दाखल्याच्या भाषेबद्दल इतकं लिहिलं.

सदाफुली

मी विरुद्ध बाजूने लिहिणार आहे, दगड मारू नका.

माझ्या मुलाला गेल्या पावसाळ्यात क्लासवरून येताना कुत्रं चावलं. पोटरीला. पालिकेच्या रुग्णालयात इंजेक्शनं फुकट मिळाली, डॉक्टर चांगले होते. पण त्यानंतर तो एकटा खाली उतरायला तयार नाही, लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकण्याआधी वाकून बघतो. आणि ज्या बाई त्या कुत्र्यांना घालतात त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलाने खोडी काढली असेल." एवढं एक वाक्य त्या बोलल्या नसत्या तर मी सोसायटीत कुत्र्यांच्या विरुद्ध सही केली नसती.

सर्वोच्च न्यायालयाने आता शाळा, दवाखाने, स्टेशनं, बस डेपोंमधून कुत्री हलवायला सांगितलंय. नोव्हेंबर २०२५ चा आदेश. मग आमच्या गेटवर का नाही?

गल्लीतला_डॉक्टर

सदाफुलीताई, दगड कोण मारणार? मुलाची सगळी इंजेक्शनं पूर्ण झाली ना? मधलं एखादं राहिलं असेल तर आजच रुग्णालयात दाखवा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय जवळजवळ नसतोच, म्हणून विचारलं. इतरांसाठी: चावल्यावर पहिली पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी. हळद, मिरची, चुना काही लावू नका. मग थेट रुग्णालय.

मी पशुवैद्य आहे. नसबंदीच्या कामात बरीच वर्षं होतो, आता स्वतःचा दवाखाना चालवतो.

तुमच्या गेटबद्दल. नोव्हेंबरचा आदेश ठरावीक संस्थांच्या आवारापुरता आहे. वस्तीतल्या कुत्र्यांना २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आणि ऑगस्ट २०२५ चा आदेश लागू: पकडा, नसबंदी करा, लस द्या, होतं तिथेच सोडा. रेबीज झालेलं किंवा अंगावर धावून जाणारं कुत्रं सोडून. "होतं तिथेच" ह्यावर लोक चिडतात, पण कारण आहे. कुत्र्याची हद्द असते. एका गल्लीतली कुत्री उचलून नेलीत तर शेजारची येतात, आणि ती बहुधा नसबंदी न झालेली असतात. मादी साधारण दोन महिन्यांत विते, वर्षातून दोनदाही. दहातली सात नसबंदी झालेली असली तर संख्या हळूहळू उतरते. चार करून थांबलात तर पैसे पाण्यात. पालिका नव्वदच्या दशकापर्यंत कुत्री मारायची, विजेचा झटका देऊन. वर्षानुवर्षं मारली, कमी झाली नाहीत.

(गंमत बघा. पालिकेचं पशुवैद्यकीय खातं देवनारच्या पशुवधगृहाच्या महाव्यवस्थापकांच्या हाताखाली चालतं. एकाच टेबलावर बकऱ्यांची कत्तल आणि कुत्र्यांची नसबंदी. लोक हसतात, पण शहरात जनावरांचे डॉक्टर पूर्वीपासून तिथेच होते.)

अबोलीताई, आता तुमचं. इमारत रिकामी व्हायच्या तीन-चार महिने आधी सुरुवात करा, शेवटच्या आठवड्यात नाही. माणसं असतात तोवर कुत्री हाताला लागतात. रोज घालणाऱ्या बाईने हाक मारली की येतात, जाळीसुद्धा लागत नाही. एकदा माणसं गेली, पत्रे लागले, ती बिथरली, की सहा माणसांनाही एक कुत्रं सापडत नाही. प्रत्येकाचा फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, आणि कान दिसेल असा. खाच आहे ती झालेली. पालिकेच्या १९१६ ह्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नंबर जपून ठेवा आणि तो घेऊन वॉर्डात जा. सहा महिन्यांच्या आतली पिल्लं घेत नाहीत. पाजणारी मादीही घेत नाहीत, म्हणजे हिशेबात दोन महिने जास्त धरा. ऑपरेशननंतर चारेक दिवस केंद्रात ठेवून सोडायला आणतात. त्या वेळी कोणीतरी तिथे हजर राहा, नाहीतर गाडी पुढच्या सिग्नलला सोडून जाते. मुद्दाम नाही, ड्रायव्हरला गल्ली सापडत नाही.

भुरीला उठवून चालवायचा प्रयत्न करू नका. पिंजरा आडवा पुरेसा, उंच नको. खाली गोणपाट आणि त्यावर वर्तमानपत्र, दिवसातून तीनदा बदला. लघवी होतेय ना ते बघा. एक पूर्ण दिवस झाली नाही तर थांबू नका, मूत्राशय तुंबतं. आणि कमरेखाली ओलं राहिलं की माशी बसते, जखमेत आळ्या पडायला वेळ लागत नाही.

जुनी_मुंबई

डॉक्टर, कुत्री मारायची पद्धत पालिकेच्याही आधीची. कंपनी सरकारने दर कुत्र्यामागे आठ आणे लावले होते. जून १८३२ मध्ये कोटात त्यावरून दंगल झाली. पारशी रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान, आणि मारेकरी घरात घुसून पाळलेली कुत्रीही ओढून नेत. जैन, हिंदूही सामील झाले. दुकानं बंद, कुलाब्याच्या गोऱ्या फौजेचा शिधा अडवला, लष्कर बोलवावं लागलं. दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, पांजरपोळ उभी राहिली. जमशेटजी जिजीभाईंचा त्यात पुढाकार. भुलेश्वरला ती आजही आहे, आत गाई आहेत आणि बाहेर चारा विकायला बसतात.

मग १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी मुंबईची संस्था आली, आणि तिच्यामागून परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. परळ-लालबागवाले त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. माझे आजोबा गिरणीत जाताना तिथल्या बैलांच्या रांगेबद्दल सांगायचे. मालवाहू बैल, खांद्याला जू लागून सोललेले.

तेव्हा पैसेवाल्या शेटजींनी संस्था काढल्या आणि जमिनी दिल्या. आज घर भाड्याचं आणि पगार बेताचा असलेल्या बायका पदरचे पैसे घालून हे काम करतात. ही वर्गणी कोणी मोजत नाही.

गिरगावकर

गिरगावकडून दोन शब्द व्हिक्टोरियाबद्दल. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. घोडे डांबरावर उभे राहून नाल झिजलेले, दुपारी गेटवेला पाण्याची बादली नाही, हे रोज बघत होतो. पण निकालात गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाचंही होतं. ते कुठवर आलं हे विचारायला टाळ्या वाजवणारे कोणी गेले नाहीत, मीही नाही. २०२१ मध्ये विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या, दिसायला झकास. अबोलीताईंनी वॉचमनच्या बारा तासांबद्दल लिहिलंय, त्यावरून आठवलं.

शिरूरचा_पाव्हणा

आमच्या बैलगाडा शर्यतीबद्दल कोणी काढलं नाही म्हणून नवल वाटतंय. २०१४ ला बंदी, डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी, मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतीला मोकळीक देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. बैल पोरासारखा सांभाळतो आम्ही.

निंबोणी

पाव्हणं, शेपूट पिरगाळणं, टोकदार काठी, विजेचा झटका, हे अटींमध्ये कशाला घालावं लागलं मग? पण राहू दे, तुमचा वेगळा धागा होईल.

दादरची_चिमणी

कबुतरखान्याचंही ह्यातच येतं. आमच्या दादरला ताडपत्री घातली, लोकांनी फाडली, परत घातली. कबुतरांनी कुठे जायचं? आणि आम्ही दमेकऱ्यांनी तरी?

संपादक मंडळ

कबुतरांचा धागा आधीपासून आहे, कृपया तिकडे. तो एकदा बंद करून पुन्हा उघडावा लागला आहे, इथे तसं नको.

सेक्रेटरी_मुलुंड

उशिरा वाचला धागा. आम्ही केलंय, म्हणून लिहितो. आमची इमारत गेल्या वर्षी रिकामी झाली. मी कुत्रेवाला नाही. लहानपणी चावलंय, आजही लांबून जातो.

आमच्या आवारात सहा कुत्री आणि एक कुत्र्यांना घालणाऱ्या मावशी, दुसऱ्या मजल्यावरच्या. मावशींनी विशेष सभेत उभं राहून विचारलं, "ह्यांचं काय ठरवलंय?" लोक हसले. मी मिनिट्समध्ये लिहून घेतलं, कारण लिहिलं नसतं तर मावशींनी पुढच्या सभेत परत विचारलं असतं आणि मला घरी जायला अकरा वाजले असते.

करारनाम्यात घालायला बिल्डरचा वकील तयार नव्हता. म्हणाला, असं कलम कोणी घालत नाही. मग आम्ही करारात न घालता साइट सुरू करण्याच्या पत्रव्यवहारात घातलं. ताबा देताना जे पत्र देतो, त्याच्यासोबत एक पान जोडलं. आवारात इतकी कुत्री आहेत, फोटो सोबत, सगळ्यांची नसबंदी आणि लस झालेली आहे, नियमाप्रमाणे ती ह्याच जागी राहणार, त्यांना मारल्यास ठेकेदार जबाबदार. खाली बिल्डरच्या साइट इंजिनिअरची पोच घेतली. त्या कागदाला कायद्याचं बळ किती ते नोटरी_नव्हे सांगतील. पण सुपरवायझर बदलला की नवा माणूस फाइल उघडतो आणि त्याला ते पान दिसतं. तेवढं पुरतं.

पत्रे लावताना गेटच्या बाजूला हातभर उंचीची फट ठेवायला लावली, कुत्र्यांना येण्याजाण्यापुरती. गेटच्या आत वॉचमनच्या खोलीमागे खाणं घालायची जागा. वेळ रात्री दहानंतर, मजूर जेवून झोपल्यावर. २०२३ च्या नियमांत हेच आहे: खाणं घालायची जागा सोसायटीने ठरवायची, मुलांच्या खेळण्यापासून आणि जाण्यायेण्याच्या वाटेपासून लांब. मावशी भाड्याने भांडुपला गेल्या. तिथून रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून वॉचमनला महिन्याला थोडे पैसे आणि तांदूळ देतात, तोच शिजवून घालतो.

आणि हे बिल्डरला का परवडलं ते ऐका. साइटवर रात्री सळया आणि तांब्याची वायर चोरीला जाते. सहा कुत्री गेटवर असली की भंगारवाला फिरकत नाही. आता ठेकेदारच त्यांना बिस्किटं घालतो.

गल्लीतला_डॉक्टर

बिस्किटं बंद करायला सांगा. मैदा आणि साखर, दुसरं काही नाही त्यात. भातात कोंबडीचं उरलेलं काळीज-पोटा घालून शिजवा, त्याच पैशांत होतं.

सदाफुली

डॉक्टर, पाचही इंजेक्शनं पूर्ण झालीत, धन्यवाद.

सेक्रेटरींचं वाचून एक विचारायचंय. आमच्या गेटवर घालण्याची जागा नेमकी मुलांच्या सायकली लावतात तिथे आहे. त्या बाई हलायला तयार नाहीत, आणि "खाणं घालायला बंदी करता येत नाही, कोर्टात जा" म्हणतात. मग आम्ही कोणाकडे जायचं?

नोटरी_नव्हे

बंदी करता येत नाही हे खरं. जागा बदलता येत नाही हे खोटं. त्याच नियमांत वाद मिटवायला समिती सांगितलीय. पालिकेचे पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणिसंस्थेचे प्रतिनिधी, तक्रारदार आणि सोसायटी, सगळे एका टेबलावर. तुमच्या वॉर्डात लेखी मागणी करा. २०२३ मध्ये कांदिवलीतल्या एका सोसायटीचा असाच वाद उच्च न्यायालयात गेला होता. तिथेही न्यायालयाने एका प्राणिसंस्थेची मदत घेऊन तोडगा काढायला सांगितलं. त्या बाईंना बोलवा. भांडायला नको, जागा दाखवायला.

निंबोणी

आणि मुलाने खोडी काढली असेल ह्या वाक्याबद्दल त्यांनी माफी मागायला हवी. प्राणिप्रेमींनी लोक गमावले ते असल्या वाक्यांनी.

अबोली

सगळ्यांचे आभार. थोडक्यात पुढचं.

दाखला नव्याने घेतला. डॉक्टरांनी "बोथट जड वस्तूच्या आघाताने" असं लिहून दिलं आणि मागच्या डाव्या पायात कायमची कमजोरी राहील असंही. उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. चार दिवसांनी ठाण्यातूनच फोन आला, कलम ३२५ लावून गुन्हा नोंदला. वॉचमनला बिल्डरने कामावरून काढलं. हे मला नको होतं. जबाबात मी सुपरवायझरने हुकूम दिला असं सांगितलं होतं. लिहिलं गेलंय की नाही ते प्रत मिळाल्यावर कळेल.

सेक्रेटरी_मुलुंड, तुमच्या त्या पानाचा मजकूर नावं काढून इथे टाकाल का? आमच्या सेक्रेटरींनी "मला एक नमुना आणून द्या, जोडतो" एवढं कबूल केलंय. इथून पुढच्या ओळीतल्या तिन्ही सोसायट्यांना देणार आहे. आमच्या कुत्र्यांचे फोटो काढून झाले. पाच जणांच्या कानाला खाच नाही. तक्रार नंबर मिळालाय. वॉर्डातली बाई म्हणाली, पुढच्या आठवड्यात गाडी पाठवते, तुम्ही सकाळी सातला कुत्री धरून ठेवा.

सेक्रेटरी_मुलुंड

रात्री टाकतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही आहेत. साइट इंजिनिअरला इंग्रजी द्या, वॉचमनच्या खोलीत हिंदीतून चार ओळी चिकटवा.

खडूस_काका

माझ्याकडे जुनी मच्छरदाणी पडून आहे, पकडायला उपयोग होईल का? विक्रोळीहून न्यावी लागेल. भाडं थकलेलं असलं तरी वेळ आहे माझ्याकडे.

गल्लीतला_डॉक्टर

काका, मच्छरदाणी फाटते आणि कुत्रं गुंडाळलं जाऊन घाबरतं. जाड चादर आणा, आणि स्वतः या. सातला हात जास्त असलेले बरे. आदल्या रात्री आठनंतर त्यांना कोणी खायला घालू नका, भुलीच्या आधी पोट रिकामं लागतं. सगळ्या जिन्यांत हे सांगून ठेवा, एखादी आजी हमखास पोळी टाकते.

निंबोणी

डॉक्टर, मांजरांसाठीही हेच का? आमच्याकडच्या दोघी परत गाभण दिसतायत.

गल्लीतला_डॉक्टर

मांजर हाताने धरायला जाऊ नका, ओरबाडेल. सापळ्याचा पिंजरा मिळतो, प्राणिसंस्था उसना देतात. आत थोडा बांगडा ठेवा, वासाला येते. दार पडलं की लगेच वरून चादर टाका, अंधारात शांत होते. गाभण असल्या तर आधी तपासून घ्या, दिवस किती भरलेत त्यावर ठरतं. व्यायल्या असतील तर पिल्लं खायला लागेपर्यंत थांबा. आणि ह्या खेपेच्या पिल्लांना पाच महिन्यांच्या आसपास आणा, नाहीतर त्यातल्या माद्या सहाव्या महिन्यात स्वतःच गाभण राहतील. रिक्षावाल्याला पिंजरा आहे हे आधीच सांगा, ऐनवेळी नाही म्हणतात.